गाडीमागची कडी

रस्त्यानें जातांना मोटारींचीं तोंडें पाहण्याची संवय पुष्कळांना असते. त्यांच्या पाठीकडे मात्र कोणी फारसें पाहत नाहीं. परंतु आपल्या घरच्या गाडीस मागें ओढण्याची कडी बसवून घ्यावी असें ज्याच्या एकदां मनांत येतें, त्याची दृष्टि त्या दिवसापासून गाड्यांच्या पाठींवरच खिळून राहते. आमचें तसेंच झालें. मालवणच्या बाजारपेठेंत, कुडाळच्या स्टेशनाबाहेर, ओरोसच्या सरकारी कचेऱ्यांपुढें उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागें जाऊन आम्ही निःसंकोच वांकून पाहूं लागलों. आणि तेव्हां आढळून आलें कीं, कारखानदार जिला 'टो-बार' म्हणतात व गॅरेजवाले जिला नुसतें 'हुक' म्हणतात, ती ही कडी बऱ्याच गाड्यांना आहे. परंतु तिनें आजवर कांहीं ओढलें असावें अशी खूण क्वचितच दिसली. कोठें तिला चकचकीत मुलामा दिलेला, कोठें तिच्या गोळ्यावर लाल टोपी चढविलेली, तर कोठें तिच्यावर लिंबू-मिरचीची माळ लोंबत असलेली. मागून कोणी धडकल्यास आपली गाडी वांचावी, एवढाच तिच्या मालकाचा हेतु. नाकांत नथ असावी तशी ती गाडीच्या पाठीस होती. शोभेपलीकडे तिजकडून कोणाची अपेक्षा नव्हती.

हा अलंकार निरुपद्रवी आहे असेंही नाहीं. बंपर हा मुळीं चेपण्यासाठींच केलेला असतो. धक्का लागला असतां त्यानें स्वतः चेपावें आणि आंतल्या माणसाला जपावें, ही त्याची नोकरी. त्याच्या पलीकडे लोखंडाचा गोळा पुढें आला कीं, तोच धक्का वाटेंत कोठें न जिरतां सरळ गाडीच्या सांगाड्यांत उतरतो. गाड्यांच्या तोंडाशीं बसविल्या जाणाऱ्या लोखंडी कठड्यांविरुद्ध केंद्रीय परिवहन मंत्रालयानें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांना लिहिलें, तें अशाच विचारानें. पादचाऱ्यांना आणि गाडींतल्या माणसांना, दोघांनाही त्यांचा धोका होता. ज्या वस्तूस काम नाहीं ती केवळ निरुपयोगी राहत नाहीं, ती अपायकारक होते, हा नियम घरांतल्या माणसांप्रमाणें गाडीच्या भागांनाही लागू दिसतो.

आम्हांला कडी हवी होती ती मात्र ओढण्यासाठींच. देवबागला आमचे चुलत बंधु राहतात. घरांत सारे त्यांना दादा म्हणतात. देवबाग म्हणजे एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी, आणि मधून माडांच्या सावलींतून जाणारी जमिनीची एक चिंचोळी पट्टी. तेथल्या माणसाच्या दारांत मोटार नसली तरी चालतें. होडी नसून चालत नाहीं. दादांच्या दोन होड्या. एक फायबरची, लहान, मागें इंजिन लावून चालणारी. ती रोजच्या वापरांतली. दुसरी लांकडी, मोठी, आमच्या काकांच्या वेळची. ती आतां पाण्यांत जात नाहीं, नदीच्या कांठावर झापांखालीं पडून असते. दादांनीं सत्तरी ओलांडली आहे. थोरला मुलगा मुंबईस, धाकटा गोव्यांत. होडी पाण्यांतून काढणें, पावसाळ्याआधीं ती मागच्या आंगणांत आणणें, डागडुजीसाठीं मालवणास नेणें, हें एकट्या माणसाचें काम नव्हे. 'दादा, होडी विकून टाका,' असें मुलांनीं एकदां फोनवरून सुचविलें. दादांनीं फोन ठेवला आणि आम्हांकडे पाहून इतकेंच म्हणाले, "होडी इकूची नाय." त्यांच्या त्या तीन शब्दांपुढें आमचा कोणताच हिशेब टिकला नाहीं. गाडी आमची होती. तिच्यामागें ट्रेलर लावून होडीची ने-आण करावी, असें ठरलें.

पूर्वीं हा प्रश्न उद्भवलाच नसता. होडी ओढणें हें वाडीचें काम असे. कोणाची होडी वर घ्यावयाची आहे असें कळलें कीं हातांतलें काम टाकून दहा-बारा माणसें येत. होडीखालीं ओंडके सरकवीत, एका सुरांत आरोळी देत, आणि वाळूवरून हात-हात करीत ती वर चढवीत. मालवणच्या किनाऱ्यावरची रापण ज्यांनीं पाहिली आहे त्यांना हें चित्र नवें नाहीं. होडीनें जाळें समुद्रांत अर्धवर्तुळांत टाकावयाचें, आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसांनीं ओढावयाचे. जो दोराला हात लावी त्याच्या पदरीं मासळीचा कांहींतरी वांटा पडे. होडी ओढतांना मात्र एक गोष्ट आमच्या लहानपणीं आम्हांला कोड्यासारखी वाटे. सारे ओढीत असतांना एक वडीलधारा माणूस बाजूला उभा असे. तो दोराला हात लावीत नसे. त्याचें काम एकच: होडी तिरपी होऊं लागली, ओंडका निसटला, कोणाचा पाय खालीं आला, कीं 'रव!' म्हणून ओरडावयाचें. मालवणींत रव म्हणजे थांब. त्या एका अक्षरद्वयासरशीं बारा माणसांचे चोवीस हात थबकत. हा गृहस्थ कांहीं न करतां उभा कां, असें आम्हांला तेव्हां वाटे.

त्याचें उत्तर आम्हांला कुडाळच्या एका कारागिराकडे मिळालें. लोखंडी फाटके, खिडक्यांच्या जाळ्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करणारा हा मनुष्य; गाड्यांना हुकही बसवितो. आमचा समज असा कीं, तो प्रथम आमच्या गाडीचें इंजिन केवढ्या ताकदीचें हें विचारील. त्यानें तें विचारलेंच नाहीं. गाडीचें वजन किती, होडीचें किती, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत काय, उतार कोठें कोठें लागतो, हे त्याचे प्रश्न. आम्हीं इंजिनाचा विषय काढला तेव्हां तो हंसून म्हणाला, "काकानू, ओढूक सोप्पा, थांबवूक कठीण."

हें वाक्य आम्ही घरीं घेऊन आलों आणि कागदावर मांडून पाहिलें. आमची गाडी सोळाशे किलोंच्या घरांतली. होडी, इंजिन आणि ट्रेलर मिळून सुमारें पांचशे किलो. म्हणजे चालत्या वस्तूचें वजन जवळजवळ एकतृतीयांशानें वाढणार, आणि ट्रेलरला ब्रेक नसल्यामुळें तें सारें थांबविण्याचा भार गाडीच्या त्याच चार चाकांवर पडणार. त्यांत वेगाची गोष्ट आणखी निराळी. वेग चाळीसावरून साठावर नेला तर दीडपट होतो खरा, परंतु थांबवितांना जी शक्ति जिरवावी लागते ती सव्वादोनपट होते. ब्रिटनमधील नियम याच गणितावर उभा आहे: ब्रेक नसलेल्या ट्रेलरचें भारासह वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक असतां कामा नये, आणि कोणत्याही स्थितींत ७५० किलोंपलीकडे जातां कामा नये. इंजिन किती बळकट आहे हा प्रश्न त्यांत येतच नाहीं. बळकट इंजिनाला हजार-बाराशे किलोही सपाट रस्त्यावर जड वाटणार नाहींत. परंतु चढ संपतो, उतार लागतो, समोर गुरें येतात, आणि मग इंजिनाच्या बळाचा उपयोग नसतो. फोंडा घाट किंवा आंबोलीचा घाट उतरलेल्या माणसास हें समजावून सांगावें लागत नाहीं.

वजन किती याच्या खालोखाल तें कोठें, हा प्रश्न येतो. येथें मात्र आपल्या बैलगाडीवाल्यांनीं मोटारवाल्यांना फार पूर्वींच शिकवून ठेविलें आहे. गाडीचा भार मागें जास्त झाला तर ती उलाळ होते. दांडी वर उचलली जाते, जूं बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें. भार पुढें फार आला तर बैलांच्या मानेवर बसतो. जाणता गाडीवान भार आंसाच्या किंचित् पुढें ठेवितो. ट्रेलरचें शास्त्र यापलीकडे कांहीं निराळें सांगत नाहीं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा कांहीं अंश कडीच्या गोळ्यावर आला पाहिजे. युरोपांत तो पांच ते सात टक्के धरतात, अमेरिकेंत दहा ते पंधरा. तो त्याहून कमी झाला, म्हणजे ट्रेलर उलाळ झाला, कीं वेगांत तो सापासारखा डावीकडे-उजवीकडे वळवळूं लागतो, आणि ती वळवळ वाढत जाऊन पुढच्या गाडीलाही आपल्याबरोबर हलविते. होडीच्या बाबतींत ही भीति विशेष, कारण तिचें इंजिन अगदीं शेवटीं असतें. आमच्या कारागिरानें यावर साधा तोडगा सांगितला: इंजिन काढून गाडींत घ्या, आणि ट्रेलरवर होडी वीतभर पुढें सरकवून बांधा.

गोळ्याच्या मापाचीही एक गंमत आहे. युरोपांत व आपल्याकडे प्रचारांत असलेला गोळा ५० मिलीमीटर व्यासाचा. अमेरिकेंतला नेहमींचा गोळा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलीमीटर. नखाच्या कडेएवढाही फरक नाहीं. परंतु मोठ्या गोळ्यासाठीं केलेला ट्रेलरचा कप लहान गोळ्यावर बसविला तर तो बसल्यासारखा वाटतो, आणि खड्ड्यांत आदळून एखादे वेळीं निसटतो. दोन वस्तू जुळल्यासारख्या दिसणें आणि खरोखर जुळणें यांत किती थोडें अंतर असतें, आणि त्या थोड्या अंतरावर किती अवलंबून असतें! म्हणूनच कडीच्या जोडीस दोन सांखळ्या असतात. त्या ट्रेलरच्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधावयाच्या, म्हणजे कप निसटलाच तरी दांडी रस्त्यावर न आपटतां त्यांच्या झोळींत पडते.

कडी बसविण्याचें काम एका दिवसाचें. प्रथम बंपर उतरविला गेला, आणि मग दिसून आलें कीं, बाहेरून जें भक्कम वाटत होतें तें प्लास्टिकचें टरफल होतें. गाडीचें बळ आंत, दोन लांब लोखंडी तुळयांत होतें. कडीचा आडवा दांडा त्या दोन तुळयांना बोल्टांनीं जखडला. त्यासाठीं सांगाड्यांत नवें भोंक पाडलें नाहीं, कीं कोठें वेल्डिंग केलें नाहीं. गाडी बनविणाऱ्या कंपनीनें ठेवलेल्या भोकांवर बसेल असाच दांडा घेतला होता. मग विजेचें काम. होडी मागें आली म्हणजे गाडीचे मागचे दिवे झांकले जातात. म्हणून ट्रेलरला स्वतःचे दिवे हवेत, आणि त्यांना गाडीकडून सूचना मिळावयास हवी. सात तारांची एक खोबण कडीशेजारीं बसविली: डावें वळण, उजवें वळण, दोन मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, धुक्याचा दिवा, आणि सातवी तार परतीची. पुढच्यानें ब्रेकवर पाय ठेविला कीं त्याच क्षणीं मागच्याच्या पाठीवर लाल दिवा लागला पाहिजे, हें त्या कारागिरानें चारदां तपासून घेतलें. शेवटीं त्यानें लोखंडाला जस्ताचा मुलामा आहे ना हें पाहिलें, गोळ्याला ग्रीस चोपडलें, आणि बजावलें कीं शंभरएक किलोमीटर चालल्यावर बोल्ट पुन्हां आंवळून न्या. आमच्या खाऱ्या वाऱ्यांत लोखंडाला दोन पावसाळेही पुरेसे होतात. ट्रेलरच्या चाकांविषयींही त्याची एक सूचना होती: दूरवरून आल्याबरोबर ट्रेलर पाण्यांत उतरवूं नका. तापलेलें चाक एकदम थंड झालें कीं खारें पाणी बेअरिंगांत ओढून घेतें. घटकाभर थांबा, मग उतरवा.

कायद्याचीही बाजू होतीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीच्या दाखल्यांतील मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकास करतां येत नाहीं. आणि ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही तेंच बजाविलें आहे. ट्रेलर हें कायद्याच्या दृष्टीनें स्वतंत्र वाहन. त्याची नोंदणी निराळी. शिवाय ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या पाठीवर लावावा लागतो. आमचा एमएच ०७ चा क्रमांक त्या ट्रेलरच्या पाठीवर पाहून दादांना मोठें नवल वाटलें. आम्हांला मात्र तें योग्यच वाटलें. जो ओढला जातो त्याच्या चुकीबद्दल जाब विचारावयाचा तो ओढणाऱ्यासच.

येथपर्यंत सारें सुरळीत झालें. अडचण आली ती लांकडी होडीपाशीं. दादांचा समज असा कीं, कडी आली म्हणजे दोन्ही होड्यांची चिंता मिटली. नदी कांठ खात आहे. काकांची होडी आणखी एखादा पावसाळा तेथें राहिली तर जाईल. ती ओढून घरामागें आणावी, हें त्यांच्या मनांत पहिल्यापासून होतें. फायबरची होडी हें निमित्त, लांकडी होडी हें कारण, असें आम्हांला आतां उमगलें. कारागिराला आम्हीं तिचीं मापें कळविलीं. त्यानें स्पष्ट नकार दिला. भिजलेल्या जुन्या लांकडाचें वजन टनापलीकडे. कांठावरून रस्त्यावर येणारी चिऱ्यांची वाट चढाची. चढावर गाडी तिला ओढीलही, पण मध्यें थांबावें लागलें तर तीच गाडीला मागें नदींत ओढील. ही गोष्ट दादांना आम्हीं सांगितली. ते कांहीं बोलले नाहींत. उठून माडांतून कांठाकडे गेले, आणि झापांवरचा पाला झाडीत बराच वेळ तेथेंच बसून राहिले.

नाहीं म्हणणें किती कठीण असतें हें त्या संध्याकाळीं आम्हांला कळलें. दादांच्या समाधानासाठीं एकदां प्रयत्न करून पाहावा, असें घरांतल्या तरुणांचें म्हणणें पडलें. 'गाडींत दम आहे,' असें ते म्हणत. दम होता यांत शंका नव्हती. परंतु ओझ्याची मर्यादा आपल्या उमेदीवरून ठरवावयाची कीं आपल्या आवरण्याच्या ताकदीवरून, हा प्रश्न तेथें होता. आणि त्याचें उत्तर त्या कारागिरानें आम्हांला आधींच देऊन ठेविलें होतें. आम्ही आमच्या नकारावर कायम राहिलों.

शेवटीं मार्ग निघाला तो जुनाच. मे महिन्याच्या सुटींत मुंबईचे चाकरमानी गांवीं आले होते; दादांचे दोन्ही मुलगेही आले. एका सकाळीं चौदा माणसें कांठावर जमलीं. ओंडके आले, दोर आले. ज्यांच्या हातांना वर्षभर दोराची संवय नव्हती त्यांचे तळवे सोलले, परंतु होडी हलली. दादा बाजूला उभे होते. दोराला त्यांनीं हात लाविला नाहीं. चढावर मध्येंच एक ओंडका निसटला, आणि त्यांची 'रव!' अशी हांक माडांतून गेली. सारे थबकले. थोरल्या मुलानें ओंडका सरळ केला. दोन तासांनीं काकांची होडी घरामागें, फणसाखालीं, उभी राहिली. लहान होडी त्यानंतर आम्हीं ट्रेलरवरून आणली; तिला दहा मिनिटेंही लागलीं नाहींत, आणि तिच्यासाठीं कोणाला हांकही मारावी लागली नाहीं. यांत सोय झाली हें खरें. कांहीं उणें झालें हेंही खरें. वर्षांतले अकरा महिने जेथें माणसेंच नाहींत तेथें ही सोय नाकारण्यांत अर्थ नाहीं, इतकेंच.

ओढण्याचें बळ वाढावें आणि थांबविण्याचें मागें पडावें, ही गोष्ट एका गाडीपुरती नाहीं. आमच्या समोरच्या समुद्रांतच तिचा दुसरा दाखला आहे. हातानें ओढली जाणारी रापण माणसें थकलीं कीं थांबे. यंत्रानें ओढल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्याला थकवा नाहीं. मासळीचा थवाच्या थवा तें एका वेढ्यांत उचलतें. तेव्हां थांबविण्याचें काम बाहेरून करावें लागलें: ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं राज्य शासनानें अशा मासेमारीवर निर्बंध घातले, आणि १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यांत २०२१ मध्यें सुधारणा करून दंड कडक केले. पारंपरिक मच्छीमार आणि यंत्राच्या नौका यांच्यामधला तो वाद मालवणच्या किनाऱ्यावर अनेकदां पेटलेला आहे. त्यांत कोणाची बाजू कितपत खरी हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु ज्या दोराच्या टोकाशीं 'रव' म्हणणारा कोणी उरत नाहीं, तो दोर कोणाला कोठें नेईल हें सांगतां येत नाहीं, एवढें तरी त्यावरून म्हणतां येईल.

संसारांतही आपण कडी बसवून घेतोंच. कोणी भावाचें शिक्षण मागें लावून घेतो, कोणी गांवच्या घराचें कर्ज, कोणी वाडवडिलांची देवस्की. आणि कोंकणांतल्या कित्येक घरांत एकाच चाकरमान्याच्या मागें हीं सारीं ओझीं एकापुढें एक लावलेलीं असतात. त्याला आपण शाबासकी देतों ती तो किती ओढतो याबद्दल. परंतु असल्या माणसाच्या शेजारीं घरांतलें एखादें माणूस, दोराला हात न लावतां, नुसतें पाहत उभें असेल, आणि वेळेवर 'रव' म्हणण्याइतकें त्याच्या आवाजांत बळ असेल, तर त्या घराचा भार उलाळ होण्याची भीति थोडी कमी होते. लहानपणीं जो गृहस्थ आम्हांला निरुद्योगी वाटे, तो तें काम करीत होता. दादा आतां तेंच करतात. ट्रेलर चिऱ्यांच्या उतारावरून नदींत उतरवितांना गाडी उलट न्यावी लागते. मागें जातांना ट्रेलर डावीकडे वळवावयाचा तर चाक उजवीकडे फिरवावें लागतें, आणि आरशांत तर होडीशिवाय कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं आम्ही कांच खालीं करतों आणि दादांच्या आवाजाकडे कान ठेवून गाडी मागें घेतों. त्यांच्या हातांत चाकाखालीं घालावयाचा एक लांकडी ठोकळा असतो, आणि ते पाण्याच्या कडेला उभे असतात.